गरज दिसली पाहिजे

"आजोबा, आपल्या घरातल्या कुणी कधी आपल्या अभ्यासिकेत बसून अभ्यास केलाय का?"

बस्, एवढंच विचारायचं होतं. त्यावर दोन उलटे वडापाव, म्हणजे पावासकट तळलेले, लागले होते. पैज स्नेहाची. मधल्या सुट्टीत तिने डब्याचं झाकण टेबलावर आपटून सांगितलं होतं, "संजना, तू गॅदरिंगमध्ये माईक धरलास म्हणजे तुला आवाज फुटला असं नाही. घरी विचारून दाखव. समितीच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर." मी म्हटलं, त्यात काय! खरं सांगायचं तर जानेवारीत गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून माझा आवाज परत घशात गेलेलाच नाही. मम्मी म्हणते, ही आता झोपेतसुद्धा पाहुण्यांचं स्वागत करते.

तर गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये 'प्रज्ञा अभ्यासिका व बहुउद्देशीय सेवाभावी संस्थे'ची मीटिंग भरली होती. भरली म्हणजे सगळे आपापल्या नेहमीच्या जागी बसले. आमच्या घराची आणि समितीची माणसं तीच. अध्यक्ष आजोबा, म्हणजे सहादू पगारे, नोटांच्या प्रेसमधून रिटायर. उपाध्यक्ष ललिता आत्या. सचिव प्रफुल्लकाका. खजिनदार पप्पा. सदस्य मम्मी. आणि आजी विमलाबाई, जी पंचवीस वर्षांपासून सल्लागार आहे आणि जिचा सल्ला अजून कुणी घेतलेला नाही.

माझा प्रश्न ऐकून आजोबांनी बशीतला चहा फुंकायचा थांबवला.

"का गं? तुझे पप्पा बसायचे की."

"मला झोप यायची तिथे, अण्णा," पप्पा म्हणाले. आमचे पप्पा खोटं बोलू शकत नाहीत, म्हणून तर त्यांना खजिनदार केलंय. "मी गच्चीवर करायचो अभ्यास."

"प्रफुल्ल तरी…"

"मी मित्राकडे जायचो," काका घाईने म्हणाला. "ते राहू द्या. अजेंड्यावर या."

"मला विचारा ना," आत्या म्हणाली. तिने बांगड्या मागे सारल्या. आत्याने बांगड्या मागे सारल्या की आमच्या घरात एक जुनं प्रकरण नव्याने उघडतं. "मुलींची वेळ तुम्ही काय ठेवली होती, अण्णा? चार ते पाच. आणि माझी शाळा सुटायची साडेपाचला. मी उपाध्यक्ष आहे त्या खोलीची, पण त्या खोलीत मी बसलेय फक्त सव्वीस जानेवारीला."

आजोबांनी बशी खाली ठेवली. प्रेसच्या ड्युटीवरून येऊन त्यांनी त्या खोलीच्या विटा स्वतः वाहिल्या आहेत. विहाराशेजारची ती खोली त्यांच्यासाठी चौथं अपत्य आहे, आणि पहिल्या तिघांपेक्षा लाडकं. आजी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "पोरीने बरोबर विचारलं." झालं! दोन वडापाव पक्के.

प्रफुल्लकाकाने फाईल उघडली. काका विम्याचा एजंट आहे. मागच्या वर्षी एका हॉटेलात 'प्रस्ताव कसा लिहावा' ही दोन दिवसांची कार्यशाळा केल्यापासून तो आम्हाला माणसं म्हणत नाही, 'स्टेकहोल्डर' म्हणतो. त्याच्या मनात काय चाललंय ते मला नेहमी कळतं, कारण तो मनातलं मोठ्याने बोलतो. तेव्हा त्याच्या मनात हे चाललं होतं की मागच्या वर्षी अंबडच्या त्या कंपनीने आपल्याला अनुदान नाकारलं आणि कारण काय दिलं? एकच ओळ. 'प्रत्यक्ष भेटीत संस्थेची गरज दिसून आली नाही.'

"दिसून आली नाही!" काकाने ओळीवर बोट आपटलं. "का नाही आली? कारण पंखा फिरत होता. टेबलं चकचकीत. कपाटात पुस्तकं. तेव्हाच्या मॅडम आत आल्या आणि त्यांना गार वाटलं! गार वाटल्यावर कोण अनुदान देतं? रविवारी पुन्हा व्हिजिट आहे, मॅडम नव्या आहेत. या वेळी गरज दिसली पाहिजे."

"म्हणजे करायचं काय?" पप्पांनी विचारलं.

"काढायचं. पंखा काढायचा, टेबलं काढायची, कपाटं काढायची. ट्यूबलाइटच्या जागी बल्ब. पोरं चटईवर."

"भाऊजी," मम्मी शांतपणे म्हणाली. ती शाळेत शिकवते, तिचं शांत बोलणं म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं बोलणं. "आहे ते लपवून नाही ते मागायचं?"

"उज्वला, अनुदान मिळालं की वरचा मजला होईल. अण्णांच्या नावाचा."

त्यावर सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं, जणू वरचा मजला तिथेच कुठेतरी आहे. मग म्हणाले, "बाबासाहेबांचा फोटो जागचा हलणार नाही."

"तो कसा हलेल, अण्णा!"

अशा रीतीने ठराव एकमताने मंजूर झाला. आत्यासुद्धा फिरली, कारण काकाने वरच्या मजल्यावर तिच्या शिवणवर्गाला कोपरा कबूल केला. पाच मिनिटांपूर्वी बांगड्या मागे सारणारी माझी आत्या!

*

शुक्रवारी शाळेतून आले तेव्हा आमच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. सहा टेबलं एकावर एक, दोन लोखंडी कपाटं टीव्हीसमोर, आणि पंखा सोफ्यावर, पाहुण्यासारखा पाती पसरून बसलेला.

मी धावतच अभ्यासिकेत गेले. काका स्टुलावर चढून बल्ब लावत होता. आणि आजी, माझी सल्लागार आजी, हातात फडकं घेऊन भिंत पुसत होती.

"आजी, काय करतेस?"

"पुसत नाही गं. ओल आणतेय." तिच्या पायाशी काळ्या चहाचं पातेलं होतं. "प्रफुल्ल म्हणतो, भिंत गळकी दिसली पाहिजे. पंचवीस वर्षांनी एक काम सांगितलं मला, म्हटलं करावं." तिने फडकं पिळलं आणि कोपऱ्यात असा काही डाग उठवला की मला खरंच वरून थेंब पडेल असं वाटलं. आजीच्या हातात कला आहे, याची घरात कुणी दखल घेतलेली नाही.

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. बरोबर सहा. भागुबाई आल्या.

भागुबाई सायखेड्याच्या. आता इथे जेल रोडलाच एका खाजगी शाळेत झाडलोट करतात. रोज संध्याकाळी सहा ते नऊ त्या अभ्यासिकेत बसतात. दोन वर्षं. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या यंदा बाहेरून दहावीला बसल्यात. शाळेच्या हेडसरांनी सांगितलंय, दहावीचं सर्टिफिकेट आणा, शिपाई म्हणून कायम करतो. मराठी, हिंदी झालं होतं. मंगळवारी बीजगणित. घरी एकच खोली आणि त्यात सासू, टीव्ही आणि टीव्हीशी बोलणारा नवरा.

पिशवी छातीशी धरून त्या दारातच थांबल्या. आधी पंख्याच्या रिकाम्या हुकाकडे बघितलं, मग चटईकडे.

"चोरी झाली का काय?"

"नाही नाही," काका स्टुलावरून म्हणाला. "व्हिजिट आहे रविवारी. तोपर्यंत बंद राहील. सोमवारी या तुम्ही."

"मंगळवारी पेपर हाय, प्रफुल्लभाऊ."

"हो, पण आता काय, इथे टेबलही नाही. आणि एक सांगू का भागुबाई, रविवारी इकडे फिरकू नका. गैरसमज नको. फॉर्मवर लाभार्थी वयोगट चौदा ते एकवीस आहे. तुम्ही त्यात बसत नाही."

"मी कोपऱ्यात बसते."

"कोपऱ्यातही बसत नाही."

मला हसू आलं आणि लगेच हसू आल्याची लाजही वाटली. भागुबाईंनी पिशवीतून वही काढली, उगाच उघडली, परत आत ठेवली. आजीने फडकं पातेल्यात टाकलं.

"भागू, टेबलं कुठंयत माहितीये का? आमच्या हॉलमधी. टेबल तिकडं तर तू बी तिकडं. चल."

"आई, घरात कशाला…"

"तू मला डाग पाडायला सांगितलं ना? डाग पडला. आता माझं काम झालं."

आणि चहाने काळे झालेले हात पदराला पुसत आजी भागुबाईंना घेऊन निघाली.

त्या संध्याकाळी आमच्या घरात टीव्ही बंद होता, कारण त्याच्यासमोर कपाटं होती. भागुबाई टेबलांच्या डोंगरातल्या एका टेबलाशी बसल्या. मी त्यांना पुस्तकातली गणितं वाचून दाखवली. अंकगणिती श्रेढी. मला नववीत तिचा गंधही नाही, पण शेवटच्या पानावर उत्तरं असतात, त्यामुळे मी सरांच्या थाटात 'बरोबर' आणि 'पुन्हा करा' म्हणू शकत होते.

"दर वेळी तेवढंच वाढायचं, बराबर ना?" भागुबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "सामाईक फरक. मंजी माझा पगार न्हाय."

मम्मी भाजी चिरता चिरता हसली. मग विळी बाजूला ठेवून आली आणि त्यांच्या शेजारी बसली. पप्पांना त्या दिवशी कुकर लावावा लागला.

*

रविवारी सकाळी साडेदहाला मी, स्नेहा आणि वर्गातल्या आठ जणी शाळेच्या गणवेशात चटईवर बसलो होतो. बाहेर मार्चचं ऊन, आत एक बल्ब. काकाने आम्हाला प्रत्येकी एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. मला वाक्य नव्हतं, भाषण होतं. 'एका लाभार्थीचे मनोगत.' शेवटी डोळ्यांत पाणी आणायचं, असं कंसात लिहिलेलं.

"माझे वडापाव कधी?" मी स्नेहाच्या कानात.

"आधी हे नाटक संपू दे. घामाने माझी वेणी ओली झालीये."

घरी पप्पांची ड्युटी वेगळी होती. सुट्टी म्हणून भागुबाई सकाळपासूनच आमच्या हॉलमध्ये टेबलाशी बसल्या होत्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. काकाने त्यांना बजावलं होतं, मॅडम जाईपर्यंत दार उघडायचं नाही, भागुबाईंना बाहेर पडू द्यायचं नाही. पप्पा दाराजवळ स्टूल टाकून बसले आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी भागुबाईंना तीनदा चहा विचारला. तिसऱ्यांदा भागुबाई म्हणाल्या, "रवीभाऊ, तुमी बी बसा. हे समीकरन सुटंना." पप्पा बसले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात अभ्यासिकेच्या टेबलाशी पप्पा पहिल्यांदा झोपले नाहीत.

इकडे मॅडम आल्या. तिशीच्या, पायात बूट, हातात टॅबलेट, सोबत कुणी नाही. काकाने शाल काढली. मॅडमनी हातानेच नको म्हटलं. आत्याने औक्षणाचं ताट पुढे केलं, तेही नको. मग त्या आत आल्या आणि सगळ्यांत आधी त्यांनी काय केलं? भिंतीवर हात ठेवला. बोट नाकाशी नेलं.

"चहा?"

काका म्हणाला, "इथे चहा… फार होतो, मॅडम."

स्नेहाने माझी मांडी इतक्या जोरात चिमटली की अजून निळी आहे.

मॅडम तिच्यासमोर वाकल्या. "रोज येतेस इथे?"

"हो मॅडम. पंख्याअभावी अभ्यास होत नाही."

"पंख्याअभावी," मॅडम म्हणाल्या. मान वर करून त्यांनी हुक पाहिला. हुकाच्या वायरीला नवी कोरी काळी टेप होती. भिंतीवर दोन उभे पांढरे चौकोन होते, जिथे कपाटं उभी असायची. मॅडमनी टॅबलेटवर बोट फिरवलं. "प्रफुल्लजी, मागच्या वर्षीचे फोटो आहेत माझ्याकडे. तुम्हीच पाठवलेले. सहा टेबलं, दोन कपाटं, पंखा, ट्यूबलाइट." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "हे सामान कुठे गेलं? विकलं?"

आई शप्पत, काकाच्या चेहऱ्यावर तेव्हा भिंतीपेक्षा खरी ओल आली. मागच्या वर्षीच्या फाईलमध्ये आपणच फोटो जोडले होते, याची त्याला कार्यशाळेतसुद्धा कुणी आठवण करून दिली नव्हती. आत्या हळूच त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकली. उपाध्यक्षांचा या सगळ्याशी संबंध संपला.

"मॅडम, ते… दुरुस्तीला…"

"विकलेलं नाही."

आजोबा बोलले. ते इतका वेळ बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्चीवर बसले होते, खोलीतली ती एकमेव खुर्ची. काठी टेकून उभे राहिले.

"या खोलीतली सुई पण कधी विकली नाही. सगळं माझ्या घरात आहे. तुम्हाला गरज दिसावी म्हणून काढलं. मी अध्यक्ष आहे, माझ्या संमतीनं काढलं. चला, दाखवतो."

आणि ते निघाले. मागे मॅडम, मागे काका, आत्या, मम्मी, आणि त्यामागे आम्ही दहा लाभार्थी. कॉलनीतली माणसं खिडक्यांतून बघत होती, ही कसली मिरवणूक म्हणून.

*

दार वाजलं तेव्हा पप्पांनी नियमाप्रमाणे उघडलं नाही.

"रवी, मी आहे. उघड," आजोबा.

"अण्णा, दादाने सांगितलंय…"

"रवी!"

दार उघडलं. आत सहा टेबलं, दोन कपाटं, सोफ्यावर पंखा. आणि टेबलांच्या मधोमध भागुबाई, नाकावर चष्मा, समोर वही. त्यांच्या शेजारी खजिनदार, कानाला पेन. आजी चहा ओतत होती, या वेळी कपात.

मॅडमना बघून भागुबाई ताडकन उठल्या. "मी चाललेच."

"थांबा. आपण कोण?"

"मी कोन नाय. गुरवारपर्यंत तिथं बसायचे. शुक्रवारपासनं इथं बसवलंय. कुनी मॅडम येनार हायेत म्हनून." मग त्यांनी चष्मा वर केला. "तुमीच का त्या?"

"मीच."

"मंग तुमी गेल्यावर तिथं बसता येईल ना मला? मंगळवारी बीजगणित हाय."

मॅडमनी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून भागुबाईंच्या समोर बसल्या.

"किती दिवस येताय?"

"दोन वर्सं."

"रोज?"

"रोज. फक्त सासरे वारले तवा तीन दिवस न्हवते."

"आणि बाकी कोण येतं?"

भागुबाईंनी काकाकडे पाहिलं. त्यांना काकाची काळजी वाटली असावी, पण त्यांना खोटं सुचलं नाही. "परीक्षा आल्या का पोरं येत्यात. येरवी मी आन् पंखा."

आत्याने तोंडाला पदर लावला. मॅडमनी मात्र गंभीरपणे टॅबलेट उचलला. "वय?"

"बेचाळीस."

मॅडमचं बोट स्क्रीनवर थांबलं. त्यांनी वर सरकवलं, खाली सरकवलं. "चौदा ते सोळा, सतरा ते एकवीस…" त्या पुटपुटल्या. "यांच्यासाठी कॉलमच नाही."

"तेच तर मी म्हणत होतो, मॅडम!" काकाला एकदम जीव आला. "म्हणून तर त्यांना लपवलं!"

मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपोआप सोफ्यावर बसला. म्हणजे पंख्यावर. पातं वाकलं.

"मी जे पाहिलं ते सगळं लिहीन," मॅडम उठत म्हणाल्या. "चहासकट. अनुदान मिळेल की नाही, मला सांगता येणार नाही. एका खोलीत गरज नव्हती ती तुम्ही तयार केली. आणि जी होती ती या हॉलमध्ये कोंडली."

आजोबांनी मान खाली घातली. त्यांना कुणी असं बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दारापाशी गेल्यावर मॅडम वळल्या. "मनोगत कोण वाचणार होतं?"

"मी, मॅडम!" मी हात वर केला. सवय.

"तू कुठे अभ्यास करतेस?"

गॅदरिंगमध्ये हजार माणसांसमोर माझी जीभ अडखळली नव्हती. इथे अडखळली.

"बिटकोजवळ. क्लासला." आणि मग, खरं तेच सांगायचं म्हणून, "एसी आहे तिथे."

मॅडम गेल्या. स्नेहाने माझ्याकडे पाहिलं आणि मी जिंकलेली पैज माझ्यावरच उलटलीय हे तिला माझ्या आधी कळलं होतं, असं मला वाटलं. आपल्या घरातल्या कुणी कधी! मी पण घरातलीच होते की.

*

दुपारी सामान परत गेलं. आजोबा स्वतः एका टेबलाचा पाय धरून चालत होते, कुणाचं ऐकेनात. काका वाकलेलं पातं ठोकून सरळ करत बसला. करता करता त्याने आत्याला सांगितलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे अर्ज करू, तिच्या फॉर्ममध्ये वयाची अट नाही. आत्याने विचारलं, "आणि माझा कोपरा?" म्हणजे दोघांची पुन्हा युती झाली. पंखा लागला. फिरताना टक्, टक् असा आवाज करतो आता. भिंतीवरचा डाग मात्र जाईना. आजीने तीन वेळा पुसला आणि शेवटी म्हणाली, "राहू दे. चांगला उठलाय."

सहा वाजता भागुबाई आल्या. नेहमीच्या टेबलाशी बसल्या. आजोबा दारात उभे होते. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "भागुबाई, आवाज होतोय का पंख्याचा?"

"होऊ द्या, अण्णा. झोप नाय येनार."

मी घरी गेले. मम्मी पेपर तपासत होती, पप्पा रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये पुन्हा दिसायला लागलेल्या टीव्हीसमोर बसले होते, पण तो लावलेला नव्हता. मी रिमोट उचलून बाजूला ठेवला आणि दोघांच्या मधोमध उभी राहिले.

"मला काहीतरी जाहीर करायचंय."

"स्वागत करणार आहेस का कुणाचं?" मम्मी.

"मी उद्यापासून क्लासला जाणार नाही. संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिकेत बसणार. नववीची परीक्षा तिथूनच, दहावी पण तिथूनच. अडलं तर मम्मी, तू तिथे येऊन शिकवायचं. मुलींची वेळ काय ते पण मी आजोबांना विचारलंय. ते म्हणाले, आता मुलींची वेगळी वेळच नाही, किल्ली आहे." मी मुठीतली किल्ली दाखवली.

पप्पांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "क्लासची फी भरलीये गं."

"माझ्या जागी काकाला पाठवा."

मम्मीने लाल पेन खाली ठेवलं. तिचा शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. "आणि दहावीत नापास झालीस तर?"

"तर सतरा नंबरचा फॉर्म," मी दारातून चप्पल घालत म्हणाले. "कसा भरायचा ते भागुबाई शिकवतील. मी निघाले. मंगळवारी बीजगणित आहे आमचं."